चौथी सीट आणि २५६ अक्षरांची जागा

कल्याण-डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा प्रवासी कडेला टेकतो. 'चौथी सीट' या नावाने तिला मान्यताही मिळाली आहे. संगणकाच्या स्मृतीत मात्र असे टेकणे नाही. तिथे जादा आलेला शेजारच्याला पुसून टाकतो आणि त्याच्या जागी बसतो. 'बफर ओव्हरफ्लो' या दोषाचे मूळ एवढेच.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी भाषा घडविली. तीत मजकुरासाठी ठरावीक लांबीची जागा राखतात, हाच बफर. आलेला मजकूर त्यात मावतो की नाही, हे भाषा स्वतः तपासत नाही. स्मृती तोकडी आणि यंत्रे मंद असताना केलेली ही तडजोड माझ्या मते गैर नव्हती. पण धोका तेव्हाही ठाऊक होता. अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्येच लिहिलेल्या अहवालात त्याचे वर्णन सापडते.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी तो प्रत्यक्षात उतरला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने युनिक्सवरील 'फिंगर' सेवेच्या ५१२ अक्षरांच्या बफरमध्ये ५३६ अक्षरे ओतली. काम संपल्यावर आज्ञावलीने कुठे परतायचे, तो पत्ता स्मृतीत जवळच नोंदलेला असतो. जादा अक्षरांनी तो पत्ताच बदलला, आणि व्हॅक्स संगणक परक्याने पाठविलेल्या आज्ञा पाळू लागले. या आणि इतर वाटांनी सुमारे ६,००० संगणकांना बाधा झाल्याचा त्या वेळचा अंदाज होता.

त्या सेवेत वापरलेले 'गेट्स' हे फंक्शन किती अक्षरे मावतील हे विचारतच नसे. सी भाषेच्या प्रमाणातून ते थेट २०११ मध्ये वगळले गेले! दरम्यान आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर विद्यार्थी हेच गेट्स गिरवीत राहिले.

आता वर्गात पायथॉन आली आहे; सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रातही तीच आहे. पायथॉन स्वतः जागा मोजते, म्हणून ती सुरक्षित, असे आपण सांगतो. ते बरोबर आहे, पण अपुरे. पायथॉनचा प्रचलित इंटरप्रिटर स्वतः सी भाषेत लिहिलेला आहे!

जानेवारी २०२१ मध्ये याचा प्रत्यय आला. पायथॉनमधून सीची फंक्शने वापरता यावीत म्हणून 'सीटाइप्स' हा भाग २००६ मध्ये भाषेत आला होता. त्यात एखादी संख्या अक्षरांत लिहून दाखवायला २५६ अक्षरांचा बफर राखला होता. एरवी तो ऐसपैस. पण १ वर ३०० शून्ये असलेली संख्या दशांश रूपात लिहा: ३०१ अंक, एक दशांशचिन्ह आणि पुढे सहा अंक, म्हणजे ३०८ अक्षरे. विद्यार्थ्याला सहज मोजता येईल असे हे गणित, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एवढी मोठी संख्या आलीच नसावी. रुबी भाषेतही नोव्हेंबर २०१३ मध्ये असाच दोष दुरुस्त करावा लागला होता. तिथे गाडी उलट दिशेची होती, मजकुराची संख्या करताना घसरलेली.

दोषाच्या नोंदीत 'दुरून ताबा घेता येईल' असे म्हटले होते. प्रत्यक्षात ते फार अवघड होते, असे पायथॉनच्या चमूने स्पष्ट केले. आज्ञावली कोसळण्याची भीती मात्र खरी होती. वापरणाऱ्यांच्या आग्रहामुळे ३.९.२ ही आवृत्ती घाईने, १९ फेब्रुवारी २०२१ रोजी निघाली. आधी ठरावीक जागा राखून तीत लिहिण्याची पद्धत काढली आणि मजकुराला लागेल तेवढी जागा घेणारे पायथॉनचेच फंक्शन वापरले. दुरुस्ती थोड्याच ओळींची होती. सोबत एक चाचणीही जोडली गेली, म्हणजे पुढे कोणी नकळत जुनी पद्धत परत आणली तर ती लगेच पकडली जाईल. सांकेतिक मजकूर खुला असल्याने हे सारे बदल आजही कोणालाही वाचता येतात.

प्रयोगशाळेतील एखाद्या संगणकावर ३.९.१ किंवा त्याआधीची आवृत्ती उरली असेल, तर तीच संख्या सीटाइप्सला देऊन पाहावी. आज्ञावली बहुधा बंद पडेल. नव्या आवृत्तीत ती घातांकाच्या रूपात, जेमतेम सहा अक्षरांत उमटते.