रक्तसुरक्षा, भारतातील
दात्याच्या रक्तातून रुग्णाला संसर्ग होऊ नये आणि विसंगत रक्तगट चढवला जाऊ नये यासाठीची व्यवस्था. पूर्वी अनेक रक्तपेढ्या धंदेवाईक दात्यांवर विसंबून असत. पैशांच्या निकडीपोटी हे दाते आजार लपवत आणि पुन्हा पुन्हा रक्त विकत. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीवर बंदी आली.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. तरीही धोका पूर्णपणे टळत नाही. संसर्गानंतर काही काळ रक्तात प्रतिपिंडे सापडत नाहीत. या ‘विंडो पीरियड’मधले दूषित रक्त निर्दोष ठरू शकते. न्यूक्लिइक आम्ल चाचणी (नॅट) हा काळ बराच कमी करते, पण ती देशभर सक्तीची नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण थॅलेसेमियाग्रस्त मुलांना साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर रक्त घ्यावे लागते.

दात्याला मात्र निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुईमुळे संसर्गाचे भय नसते.