ख्रिस्ती उपासना, मराठीतील

ख्रिस्ती धर्मीयांनी सामुदायिक रीत्या परमेश्वराला केलेले वंदन म्हणजे उपासना होय. प्रार्थना, स्तुतिगीते, बायबलचे वाचन, प्रवचन आणि प्रभुभोजन वा मिस्सा ही तिची प्रमुख अंगे होत. परमेश्वरावर संपूर्ण अंतःकरणाने, जिवाने, मनाने व शक्तीने प्रीती करावी, ही जुन्या करारातील आज्ञा येशूने सर्वश्रेष्ठ मानली. त्यामुळे विधी यथासांग होऊनही उपासकाचे मन त्यात नसेल, तर ती उपासना अपुरी ठरते. मराठी भाषकांच्या बाबतीत हा प्रश्न भाषा व गायनपद्धती यांच्याशी निगडित होता.

मराठी ख्रिस्ती भक्तिवाङ्‌मयाचा आद्य व थोर ग्रंथ म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) ह्या इंग्रज जेझुइटाचे क्रिस्तपुराण होय. १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापलेल्या ह्या ग्रंथात सु. अकरा हजार ओव्या आहेत. नवख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचण्याजोगे काही हवे होते. ती गरज ओळखून स्टीफन्स यांनी पुराणाचाच घाट स्वीकारला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. तरीही क्रिस्तपुराणाच्या पठणाची परंपरा ख्रिस्ती समाजात दीर्घकाळ टिकली.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले. प्रारंभीच्या प्रॉटेस्टंट उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गायली जात. शब्द मराठी असले, तरी त्या चाली ग्रामीण उपासकाच्या कानाला परक्या वाटत. ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी चालींची पदे व ख्रिस्ती कीर्तन यांच्या द्वारा केला. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात नारायण शेषाद्री (मृ. १८९१) यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली, तेथे शेती, उद्योग व उपासना ही एकाच सामुदायिक जीवनाची अंगे होती.

ह्या परंपरेला पूर्णत्व आणले, ते नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अभंग, पदे व भजने रचली. शंभरांहून अधिक रचना मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहांत समाविष्ट झाल्या. ख्रिस्ताला गुरू, माउली व सखा अशा नात्यांनी आळविणारी त्यांची भाषा वारकरी संतांच्या परंपरेतील आहे. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भक्तीचा वारसा सोडून नव्हे, तर तो बरोबर घेऊनच आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंस्था उभारली. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तीत स्थान होते. म्हणून ती अनेकांना रुचली नाही. टिळकांच्या मृत्यूमुळे हा प्रयोग अल्पजीवी ठरला. तथापि त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघावर त्यांचा प्रभाव दिसतो.

समर्पणाचे दुसरे रूप पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव (जि. पुणे) येथील मुक्ती मिशनमध्ये आढळते. १९०५ मध्ये तेथील स्त्रिया व मुली गटागटाने प्रार्थना करू लागल्या व त्यातून उत्कट धर्मजागृती झाली. अश्रू, आक्रोश व तासन्‌तास चाललेल्या प्रार्थना यांमुळे तिच्यावर अतिरेकाची टीकाही झाली. मात्र रमाबाईंची भक्ती भावनावेगापुरती मर्यादित नव्हती. सामान्य स्त्रीलाही कळावे म्हणून हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. आश्रमातील स्त्रियांनी छापलेला हा अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना उपासनेत वाव दिल्यावर लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा होऊ लागला. अशा रीतीने स्टीफन्स यांनी साडेतीन शतकांपूर्वी हेरलेली गरज चर्चच्या अधिकृत विधीतही मान्य झाली. मराठी ख्रिस्ती उपासनेच्या ह्या इतिहासात भाषेचा स्वीकार व समर्पण ही परस्परपूरक दिसतात : आपल्या बोलीत व चालीत गाता आल्याने उपासकाचे मन त्यात उतरले आणि टिळक-रमाबाईंसारख्यांच्या आयुष्यामुळे त्या गाण्याला आचरणाचे बळ मिळाले.