गोल करवत आणि तिची पाचर

मुरूडचें नांव निघालें कीं ऐकणाराच्या मनांत जंजिऱ्याचे बुरूज आणि कलालबांगडी तोफ उभी राहते. परंतु सिद्दीचें बळ जितकें दगडांत होतें तितकेंच लांकडांतहि होतें; गलबतांवांचून पाण्यांतला किल्ला म्हणजे बंदिशाळाच. संस्थानच्या डोंगरांत साग, ऐन, किंजळ हीं झाडें होतीं. फणसाडचें रान नबाबांनीं शिकारीसाठीं राखलें होतें, म्हणून तें टिकलें. संस्थान 1948 सालीं विलीन झालें आणि 1986 पासून तेथें अभयारण्य आहे.

आतां ओंडक्याची फळी होई कशी, तें पाहूं. जुनी रीत अशी कीं, ओंडका उंच घोडीवर चढवावयाचा अथवा खड्ड्यावर आडवा टाकावयाचा. एक गडी वर, दुसरा खालीं, मध्यें लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई, वरच्याची कंबर मोडे. झाड वाढतांना आपल्या अंगांत ताण सांठवून ठेवतें. तें चिरलें म्हणजे तो ताण मोकळा होतो, चिरेच्या दोन्ही बाजू जवळ येतात आणि लांकूड करवतीचें पातेंच चावूं लागतें. अशा वेळीं गडी चिरेंत एक पाचर ठोकून देत व पुढें चालत. ही पाचर श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

गोल करवतीचा उल्लेख इंग्लंडांत सॅम्युएल मिलर याच्या 1777 सालच्या सनदेंत येतो. पुढें आरमारानें ती उचलली. एका मोठ्या युद्धनौकेला दोरखंडांसाठीं हजाराच्या घरांत लांकडी कप्प्या लागत. त्या करण्यासाठीं साउदॅम्प्टनच्या वॉल्टर टेलरनें आणि नंतर पोर्ट्समथच्या गोदींत मार्क ब्रुनेलनें गोल करवतींस काम दिलें. युद्धानें कितीएक यंत्रें मोठीं केलीं, त्यांतलें हें एक.

दोन गड्यांच्या करवतीला लांकडानें धरलें तर करवत थांबे, इतकेंच. यंत्राला थांबणें ठाऊक नाहीं. अडीचशें मिलिमीटर व्यासाचें पातें मिनिटाला तीन हजार फेरे घेऊं लागलें म्हणजे त्याच्या दांत्यांचा वेग ताशीं सुमारें 140 किलोमीटर होतो. चीर मागें मिटली, कीं पात्याच्या मागच्या बाजूचे, वर उसळणारे दांते फळीला उचलून चालविणाराच्या अंगावर फेकतात, आणि फळीवर टेकलेला हात पात्यावर जातो. सुतारांचीं बोटें बहुधा निष्काळजीपणानें जातात असें लोक म्हणतात. मला तें अर्धेंच खरें वाटतें. पुष्कळदां पाचर नसल्यानें तीं जातात. पात्यामागें, त्याच्याच रेषेंत, दांत्यांपासून सेंटिमीटरभराच्या आंत उभी केलेली पोलादी पट्टी म्हणजे तीच जुन्या गड्यांची पाचर. इंग्लंडांत 1922 च्या नियमांनीं ती आणि पात्यावरचें झांकण हीं दोन्ही आवश्यक ठरविलीं. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यानें यंत्रांना आडोसा सक्तीचा केला. पण त्याची मूळ मर्यादा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांत दहा कामगार अशी होती. मालक, त्याचा भाऊ आणि एक पोऱ्या एवढ्यांवर चालणारें सुतारी दुकान त्या जाळ्यांतून सहज निसटलें.

किनाऱ्यावर तर आणखी अडचणी आहेत. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, घरांचीं छपरें उडालीं. पडलेलें झाड चिरून वासे काढावे हें साहजिक; पण परसांतल्या आंब्या-फणसाला वर्षानुवर्षें खिळे ठोकलेले असतात, दोरीसाठीं तारा बांधलेल्या असतात, आणि झाड तें सारें पोटांत घेतें. असें लांकूड आधीं घासून, ठोकून, लोहचुंबक फिरवून तपासल्यावांचून पात्यावर नेऊं नये. ओलें व वांकडें लांकूड चीर मिटवितें, हें वर सांगितलेंच.

खाऱ्या हवेनें मेज गंजतें, फळी अडखळते, मग माणूस जोर लावतो. म्हणून मेज पुसून मेणानें गुळगुळीत ठेवावें. दांत्यांवर चीक सांचला कीं पातें तापतें. साफसफाईपूर्वीं वीज नुसती बंद करूं नये, खटका काढून ठेवावा. पातें फळीच्या किंचितच वर असावें, शेवटची वीत काठीनें ढकलावी, उभें राहावें तें पात्याच्या रेषेबाहेर. आणि हातमोजे घालूं नयेत, कारण दांता मोज्याला धरून हातच आंत ओढतो.

अमेरिकेंत स्टीफन गॅस यानें 1999 सालीं एक युक्ति काढली: पात्यांतून सूक्ष्म विद्युत्-संकेत जातो, बोट लागतांच तो बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दांत्यांत घुसून पातें कांहीं सहस्रांश सेकंदांत थांबवितो. मात्र अगदीं ओल्या लांकडांतूनहि वीज वाहते, म्हणून तें यंत्र कधीं लांकडालाच बोट समजतें. आणि आमच्याकडे आषाढांत कोरडें लांकूड मिळावयाचें कोठून?