चिनी पूर्वजाचें आडनांव व मूळगांव

पणजोबा चिनी असलेल्या एका गृहस्थानें त्यांचें खरें आडनांव मला चारोटीस येऊन विचारलें. घराणें माझगांवच्या ‘सी यिप कून’ या १९१९ त बांधलेल्या देवळाशीं संबद्ध. ‘सी यिप’ म्हणजे चार परगणे: क्वांगतुंग प्रांतांतील सुनवुई, तोइशान, होइपिंग व यानपिंग. सबब मूळगांव प्रथम तेथेंच शोधावा. आडनांव अधिक बिकट. चिनी लोक तें आधीं लिहितात. कारकुनानें शेवटलें पद आडनांव मानिलें कीं घोटाळा झालाच! ‘आ’ हें तर केवळ लडिवाळ उपपद. उच्चारही फसवा, एकच अक्षर उत्तरेस चेन, कँटनांत चान, तोइशानांत चिन. म्हणून थडग्याच्या शिळेवरील मूळ अक्षर पाहावें. तेथें बहुधा गांवही कोरलेला असतो. मात्र तोइशान हें नांव १९१४ पासूनचें. जुन्या शिळेवर सुननिंग वाचावें.