किडनी स्वतःला दुरुस्त कशी करते? स्टेम सेल आणि प्रोजेनिटर सेलची खरी भूमिका

"स्टेम सेलने किडनी पुन्हा नवी, डायलिसिस बंद!" अशी एखादी रील तुम्हीही पाहिली असेल. घरात कुणाचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर ती फॅमिली ग्रुपवर लगेच फिरायला लागते. पण किडनीला इजा झाल्यावर ती खरंच कोण दुरुस्त करतं? चला, सोप्या भाषेत समजून घेऊया.

स्टेम सेल आणि प्रोजेनिटर सेल म्हणजे काय?

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. ती स्वतःसारख्या नव्या पेशी बनवते आणि वेगळ्या प्रकारच्या पेशीही बनवते. आपल्या हाडांच्या मगजात अशा पेशी असतात, म्हणून रक्त आयुष्यभर नवं तयार होत राहतं. प्रोजेनिटर सेल ही पुढची पायरी. तिचा मार्ग बराचसा ठरलेला असतो, त्यामुळे ती मोजक्याच प्रकारच्या पेशी बनवू शकते.

इजा नेमकी कुठे होते?

एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक छोटी गाळणी आणि तिला जोडलेली बारीक नळी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी आणि मीठ नळ्या परत शोषून घेतात, उरते ती १-२ लिटर लघवी.

या शोषणाला खूप ऊर्जा लागते. म्हणून जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं किंवा मोठ्या संसर्गात रक्तदाब घसरला, की नळीच्या पेशी आधी मरतात. लेप्टो, सर्पदंश आणि काही पेनकिलर यांनीही असं होऊ शकतं. किडनीचं काम असं अचानक बिघडलं, की डॉक्टर त्याला 'अक्यूट किडनी इंज्युरी' म्हणतात.

मग दुरुस्ती कोण करतं?

गर्भात नेफ्रॉन बनवणाऱ्या प्रोजेनिटर सेल असतात. पण पूर्ण दिवसांच्या बाळात हा साठा जन्माआधीच संपतो. झेब्राफिश मोठेपणीही नवे नेफ्रॉन बनवू शकतो, माणूस नाही. तरीही अनेक पेशंटची किडनी अशा इजेनंतर सावरते. ते कसं?

एकेकाळी वाटायचं, हाडांच्या मगजातून स्टेम सेल येऊन नळी भरून काढत असतील. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर हे तपासलं. त्यांनी नेफ्रॉनच्या पेशींना जनुकीय 'टॅग' लावला. हा टॅग पुढच्या पिढीतल्या पेशींकडेही जातो. मग किडनीचा रक्तपुरवठा काही वेळ थांबवून इजा केली. दुरुस्तीसाठी पेशी बाहेरून आल्या असत्या, तर बिनटॅगच्या पेशी वाढलेल्या दिसल्या असत्या. तसं झालं नाही. म्हणजे नळीतल्या वाचलेल्या पेशींनीच विभागून भगदाड बुजवलं.

प्रोजेनिटर सेलचा वाद काय आहे?

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या संशोधकांना मोठ्या माणसांच्या किडनीतही प्रोजेनिटरसारख्या पेशी सापडल्या आहेत. त्यांच्या मते दुरुस्तीचं मुख्य काम या खास पेशी करतात. दुसरा गट म्हणतो, वेळ आली की नळीची कोणतीही वाचलेली पेशी तात्पुरती 'कच्ची' होऊन विभागते. हा वाद अजून मिटलेला नाही. पण दुरुस्ती किडनीच्या आतूनच होते, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत.

दुरुस्ती कधी फसते?

उंदरांमध्ये इजेनंतर पेशी 'सॉक्स९' नावाचं जनुक चालू करतात. काम झाल्यावर ते बंद झालं, तर नळी नीट बरी होते. ते चालूच राहिलं, तर आजूबाजूला व्रण तयार होतो, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. व्रण वाढला की नेफ्रॉन निकामी होतात आणि गेलेला नेफ्रॉन परत येत नाही.

मग स्टेम सेलच्या इंजेक्शनचं काय?

- इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा मेसेन्कायमल स्टेम सेल वापरतात. त्या किडनीच्या पेशी बनत नाहीत. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे सूज कमी होईल, अशी आशा असते.
- हार्ट सर्जरीनंतर किडनीला इजा झालेल्या १५६ पेशंटवर अशी ट्रायल झाली. निकाल २०१८ मध्ये आला, पण किडनी लवकर सावरली नाही.
- थायलंडमधल्या एका महिलेच्या किडनीत थेट स्टेम सेल टोचल्यावर तिथे गाठी तयार झाल्या. ही केस २०१० मध्ये प्रसिद्ध झाली.
- २०१५ पासून लॅबमध्ये स्टेम सेलपासून छोट्या 'मिनी किडनी' बनवल्या जातात. त्या औषधं तपासायला उपयोगी आहेत, पण पेशंटमध्ये बसवण्याजोग्या नाहीत.

जाहिरात दिसली तर काय करायचं?

आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार मान्यता नसलेला स्टेम सेल उपचार फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतो आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून आधी ट्रायलचा सीटीआरआय नोंदणी नंबर विचारा आणि तो वेबसाइटवर तपासा. लाखोंचं पॅकेज सांगत असतील, तर तिथूनच परत फिरा. आणि अशा आशेवर चालू डायलिसिस किंवा औषधं बंद करू नका.

किडनीची दुरुस्ती करणारी टीम म्हणजे तिच्याच वाचलेल्या पेशी. त्यांना वाचवणं मात्र आपल्या हातात आहे. जुलाब-उलट्या झाल्या तर वेळेवर ओआरएस घ्या, मनाने पेनकिलर खाऊ नका, बीपी आणि शुगर ताब्यात ठेवा. लघवी खूप कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.