नाव हरवलेली मुले

गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दगडात कोरलेला एक दोन तोंडांचा पक्षी आहे. त्यास गंडभेरुंड म्हणतात. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील मुलांना घेऊन आम्ही चिखलदऱ्याला सहलीस गेलो होतो, तेव्हा त्या दरवाजाखाली उभ्या असलेल्या एका मुलाने विचारले, "फादर, हा किल्ला कोनं बांधला जी?" आम्ही उत्तर दिले, "बांधला बहामनी सुलतानाने, परंतु त्याला आजचे बळकट रूप दिले ते एका गुलामाने. तुझ्याएवढा असताना त्याला घरातून पळवून आणले होते." मुलाने लगेच दुसरा प्रश्न केला, "मग त्याचं नाव काय होतं?" आम्ही सांगितले, "फतहुल्ला इमाद-उल-मुल्क." मूल म्हणाले, "ते नाही जी. घरचं नाव."

त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि इतिहासापाशीही नाही. हा लेख त्या प्रश्नातूनच जन्मला आहे.

वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा संस्थापक मूळचा विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू कुळातला. बहामनी फौजांच्या एका स्वारीत तो लहानपणीच कैद झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी गुलाम म्हणून आला, मुसलमान म्हणून वाढला आणि अंगच्या कर्तबगारीने स्वतःच सुभेदार झाला. १४८८ साली त्याने गाविलगडाची डागडुजी व मजबुती केली आणि १४९० च्या सुमारास अचलपूर येथे स्वतंत्र सत्ता स्थापन केली. बहामनी दरबाराने वऱ्हाडाचे दोन भाग पाडले, तेव्हा गाविलचा भाग या फतहुल्लाकडे राहिला आणि माहूरचा भाग खुदावंदखान नावाच्या एका हबशी सरदाराकडे गेला. म्हणजे एके काळी आपल्या वऱ्हाडाच्या एका भागाचा कारभार कर्नाटकातून धरून आणलेला एक मुलगा पाहत होता, तर दुसऱ्या भागाचा कारभार आफ्रिकेच्या वंशाचा एक पुरुष. दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंड हे विजयनगरचे चिन्ह असून त्याचा संबंध या घराण्याच्या मूळ भूमीशी असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. ते खरे असेल तर नाव गमावलेल्या एका बालकाची गावाची आठवण त्या दगडात टिकून राहिली आहे, असे म्हणावे लागेल.

दख्खनच्या इतिहासातील दुसरे असे बालक वाचकांच्या अधिक परिचयाचे आहे. इथिओपियात सुमारे १५४८ साली जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू होते. दारिद्र्यामुळे आईबापांनीच त्याला विकले, असा उल्लेख एका फारसी बखरीत आढळतो. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदर आणि बगदाद येथील बाजार पाहून, अनेक हात बदलून तो अहमदनगरला पोहोचला. वाटेत एका धन्याने त्याला शिकवले आणि त्याचे नाव ठेवले अंबर. अहमदनगरचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेझखानही हबशी होता आणि एके काळी गुलाम होता. निजामशाहीने १५७४ साली इमादशाही बुडवून वऱ्हाड घेतले, त्या मोहिमेत याच चंगेझखानाचा मोठा वाटा होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबरला स्वातंत्र्य मिळाले. पुढे तोच मलिक अंबर निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याने खडकी वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि मोगलांच्या बाळापूरच्या छावणीला आपल्या घोडदळाने सळो की पळो करून सोडले. १६२६ साली तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

अशा कथा वाचून आपले मन सुखावते. दख्खनेतील गुलामगिरी अटलांटिकपलीकडच्या गुलामगिरीपेक्षा निराळी होती, येथे गुलाम सरदार होऊ शकत असे आणि मुक्तही होऊ शकत असे, हे खरेच आहे. अटलांटिक महासागरापलीकडे सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली, त्यांतील जवळजवळ अठरा लाख वाटेतच मेली आणि जी पोहोचली त्यांच्या मुलाबाळांच्या कपाळीही जन्मतःच दास्य लिहिले गेले. त्या जहाजांतील सुमारे एक चतुर्थांश जीव बालके होती. तथापि, एक अंबर पेशवा होतो तेव्हा त्याच्यासोबत त्याच बाजारात उभ्या असलेल्या शेकडो मुलांचे काय होते, हा प्रश्न उरतोच. इतिहास सिंहासनापर्यंत पोहोचलेल्या गुलामाचे नाव लिहितो. खंदकात पडलेल्याचे, मुदपाकखान्यात जन्म काढलेल्याचे नाव तो लिहीत नाही.

येथे आम्हा ख्रिस्ती लोकांना आपल्या घरातील वही उघडणे भाग आहे. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ व १४५५ च्या आज्ञापत्रांद्वारे पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना जिंकून कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली. पुढे गोव्याच्या रस्त्यावर घोडे, मसाले आणि माणसे यांचा एकत्र लिलाव होत असे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तो डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला आहे. मोझांबिककडून आणलेली मुले तेथे ख्रिस्ती घरांत विकली जात आणि त्यांना ख्रिस्ती नावे दिली जात. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्याचा निषेध केला, परंतु गुलामांच्या व्यापाराचा निःसंदिग्ध धिक्कार करणारे पोप सोळावे ग्रेगरी यांचे पत्र निघाले ते १८३९ साली. मधल्या पावणेचारशेहून अधिक वर्षांत किती पिढ्या गेल्या! पोर्तुगीज मुलखातून गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती १८६९ मध्ये. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल सेनेगलजवळील गोरे बेटावर गेले आणि ज्या घरातून माणसे जहाजांवर चढवली जात, तेथे उभे राहून त्यांनी या पापाबद्दल क्षमायाचना केली. २०२३ च्या मार्च महिन्यात व्हॅटिकनने त्या जुन्या आज्ञापत्रांवर उभारलेला सिद्धांतही जाहीरपणे नाकारला. क्षमा मागण्यास विलंब झाला, तरी ती मागितली गेली हे आम्ही नम्रपणे नोंदवतो.

याच महाराष्ट्रात या अंधाराला एक उजेडाची कडाही आहे आणि ती आमच्या प्रोटेस्टंट बांधवांनी दिली, हे सांगण्यात आम्हास आनंद वाटतो. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईस आणली जात. १८६० च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत त्यांच्यासाठी आश्रयस्थान उघडले. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकी, लोहारकी शिकवीत. १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी येथूनच काही तरुण आपल्याबरोबर आफ्रिकेस नेले. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरून त्या झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरणारा जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी. शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटिकेला त्याचा हात होता. त्याच सुमारास शरणपूरचे आश्रयस्थान बंद होऊन तेथील मंडळी मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन येथे गेली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे नाव या वस्तीला मिळाले. आफ्रिकेत या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

झाडावर दुसऱ्याचे नाव कोरणाऱ्या त्या तरुणाचे स्वतःचे नाव मात्र एका इंग्रज माणसाचे होते. ज्यांनी त्याला वाचवले, त्यांनीही त्याला त्याचे जुने नाव परत दिले नाही. सुदानमधील दार्फुर येथे सुमारे १८६९ साली जन्मलेल्या आणि बालवयातच पळवल्या गेलेल्या संत जोसेफीन बखिता यांची कथाही अशीच आहे. बखिता म्हणजे सुदैवी. हे नाव पळवणाऱ्यांनी ठेवले. भयाच्या आघाताने त्या आईने ठेवलेले नाव विसरल्या आणि ते त्यांना अखेरपर्यंत आठवले नाही. १८८९ मध्ये व्हेनिसच्या न्यायालयाने त्या स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला, पुढे त्या धर्मभगिनी झाल्या आणि २००० साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

आपल्या वऱ्हाडाचा या इतिहासाशी आणखी एक धागा आहे आणि तो कापसाचा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा व्यापाऱ्यांची नजर या काळ्या जमिनीकडे वळली. अकोला, अमरावती, खामगाव येथील बाजार भरभराटले, रेल्वे आली, जिनांची धुरांडी उभी राहिली. १८६५ साली युद्ध संपले, तेथील गुलाम मुक्त झाले आणि येथले भाव कोसळले. दूरच्या गुलामाची बेडी आणि आपल्या शेतकऱ्याचे नशीब एकाच तराजूत तोलले जात होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले असेल?

आज कापसाच्या जागी कोको आहे. घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत कोकोच्या मळ्यांत काम करणाऱ्या मुलांची संख्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार सुमारे साडेपंधरा लाख आहे. ही सारीच मुले गुलाम नव्हेत. बहुतेक आपल्याच घरच्या मळ्यात राबतात, परंतु काही शेजारच्या देशांतून विकून आणलेली असतात. घानातील व्होल्टा सरोवरावर लहान मुले मासेमारांच्या होड्यांतून बुडी मारून झाडांत अडकलेली जाळी सोडवतात. मॉरिटानियाने १९८१ साली गुलामगिरी रद्द केली, पण तिला गुन्हा ठरवायला २००७ साल उजाडले. काही कुळांत मूल आजही धन्याच्या घरचे म्हणूनच जन्मते. या देशांत मुलाचा सौदा नेहमीच साखळदंड दाखवून होत नाही. एखादा नातेवाईक, ओळखीचा माणूस येतो. "शहरात शिकेल, दोन वेळा जेवेल," असे म्हणतो. थोडी उचल देतो. आईबाप भुकेले असतात, विश्वास ठेवतात.

वाचकहो, हे दूरच्या खंडाचे वर्णन समजून पान उलटू नका. २०२२ साली नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी पाड्यांवरील मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी दिली गेल्याचे उघडकीस आले. दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली, तेव्हा ते उघडकीस आले. ज्या शरणपुरात आफ्रिकेच्या मुलांना आसरा मिळाला, तेथून हे पाडे जेमतेम पन्नास किलोमीटरांवर आहेत. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ पासून या देशात आहे आणि घटनेच्या तेविसाव्या कलमाने माणसांच्या व्यापाराला त्याहीपूर्वी मनाई केलेली आहे.

येथे आम्हाला स्वतःविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर वरचे सारे लेखन ढोंग ठरेल. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातली विधवा आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. शहरातील एका सुखवस्तू कुटुंबाला घरी मदतीला मुलगी हवी होती. ते तिला शाळेत घालतील, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही शिफारसपत्र लिहून दिले. त्या पत्रातील भाषा फार चांगली होती. तीन वर्षांनी मुलगी परत आली. तिच्या अंगावर धड कपडे होते, ती उपाशीही राहिलेली नव्हती. आम्ही तिच्यापुढे वही ठेवली आणि नाव लिही म्हटले. तिने पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली. त्या घरी तिला वेगळ्याच नावाने हाक मारीत, कारण त्यांच्या मुलीचे आणि तिचे नाव एकच होते.

पाचव्या निकोलस पोपमहोदयांच्या आज्ञापत्रांविषयी आम्ही सेमिनरीत शिकलो होतो, वादही घातले होते. कागदावरच्या चांगल्या शब्दांनी मूल कसे विकले जाते, हे आम्हाला त्या वहीच्या कोऱ्या पानाने शिकवले. ती मुलगी पुढे आमच्या शाळेत बसली, उशिरा का होईना शिकली, आज तिला संसार आहे. गेलेली तीन वर्षे मात्र आम्ही तिला परत देऊ शकलो नाही.

धर्मगुरूच्या हाती सत्ता नसते, पण नोंदवही असते. बाप्तिस्म्याच्या वहीत आम्ही बालकाचे नाव लिहितो, आईचे, बापाचे, गावाचे नाव लिहितो. तेवढ्याने मूल सुरक्षित होत नाही, पण ते कोणाचे आणि कोठले, हे जगाला विसरता येत नाही. म्हणून आमच्या बंधुभगिनींना आमची विनंती आहे. आपल्या वस्तीत, वीटभट्टीवर, जिनाच्या आवारात, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शाळेच्या वेळी दिसणाऱ्या मुलाला थांबून त्याचे नाव विचारा. घरचे नाव विचारा. ते कोणत्या गावचे, कोणी आणले, कोणत्या शाळेत त्याचे नाव आहे, हे विचारा; आणि उत्तर मिळाले नाही तर शिक्षकांना, ग्रामसेवकांना, पोलिसांना सांगण्यास भिऊ नका. ८ फेब्रुवारी हा संत बखिता यांचा सण ख्रिस्तसभा माणसांच्या व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी मिस्सेत अशा एका तरी मुलाचे नाव घेता यावे, अशी आमची इच्छा आहे.

गाविलगडावर प्रश्न विचारणारा तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही.