राघूचा जीव कशात रमतो?



अर्थ न कळता घडाघडा पाठ म्हणणाऱ्याला आपण ‘पोपटपंची करतो’ असं म्हणतो. माणसाने राघू पाळला तो त्याचं बोलणं ऐकायला. त्याने आपली करमणूक करावी, एवढंच आपण पाहिलं. त्याची करमणूक कशाने होते, हे विचारायला मात्र फार उशीर लागला.

सुमारे २,४०० वर्षांपूर्वी क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य इराणच्या दरबारी होता. भारतातला एक पक्षी माणसासारखा बोलतो आणि ग्रीक शिकवली तर तीही बोलेल, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे आपले पोपट रोमपर्यंत पोचले. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी हिरव्या अंगाच्या, गळ्याला लाल कडं असलेल्या भारतीय पोपटाचं वर्णन करतो. बोलायला शिकवताना त्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारतात, हेही तोच सांगतो.

आपल्याकडे वात्स्यायनाने ६४ कला सांगितल्या. पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही त्यातली एक. ‘शुकसप्तति’ या संस्कृत कथासंग्रहात नवरा परगावी गेलेला असतो आणि बायकोने रात्री उंबरा ओलांडू नये म्हणून पोपट तिला गोष्टींवर गोष्टी सांगतो. बघा, जो स्वतः कोंडलेला, त्यानेच बाईला घरात अडवायचं! जत्रेतल्या ज्योतिषाचा पोपट चिठ्ठी काढतो, तीही आपल्यासाठीच.

१९७७ साली अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी राखाडी पोपटाला शिकवायला सुरुवात केली. २००७ मध्ये तो मेला, तोवर हे काम चाललं. तो वस्तू पाहून रंग सांगे, आकार सांगे, सहापर्यंत मोजे. ही काही नुसती पोपटपंची नव्हती.

एवढी बुद्धी असलेला जीव रिकामा बसला तर काय होतं? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही तरुण पोपटांना साधा पिंजरा दिला. काहींना चढायला, कुरतडायला वस्तू दिल्या आणि खाणं शोधून, उकलून काढावं लागेल असं ठेवलं. साध्या पिंजऱ्यातले पोपट स्वतःचीच पिसं उपटू लागले. दुसऱ्यांची पिसं चांगली राहिली. नंतर पहिल्यांनाही तसंच काम दिलं, तेव्हा त्यांचीही पिसं सुधारली.

आपल्याला यात नवल वाटायला नको. शेतातला राघू कणीस पायात धरून दाणा कसा सोलतो, ते आपण रोज बघतो. थव्याने उडायचं, झाडाची ढोली शोधायची, दाणा सोलायचा, हाच त्याचा खेळ आणि हेच त्याचं काम.

म्हणून १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा महत्त्वाचा. आपला देशी राघू पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. ढोलीतून पिल्लं काढून विकायला आणणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर त्याचा धंदाच बसेल. कुणाकडे आधीपासून राघू असेल, तर त्याला एकदम सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला दाणा शोधता येत नाही. वनखात्याला कळवा.

घरात बजरीगर, लव्हबर्ड असे परदेशी पक्षी असतील, तर पिंजरा मोठा घ्या आणि जोडीला सोबती द्या. वाटी भरून ठेवण्यापेक्षा मक्याचं कणीस टांगा, दाणे कोऱ्या कागदात गुंडाळून द्या, कुरतडायला कडुलिंबाची ताजी डहाळी द्या. सुतळीचे लोंबते धागे मात्र नकोत, पाय अडकतो. काही परदेशी पोपटांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, तेही विचारून घ्या.

रिकामं बसवून, नुसतं खायला घालून जीव रमत नाही, हे बायकांना वेगळं सांगायला नको. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.